एकही जागा कोरी नाही

मंगळवार, १५ नोव्हेंबर १९९४, सकाळी अकरा. सेक्टर चौतीस, नोएडा.

दोनशे घरे, घरटी एकशे चाळीस प्रश्न, आणि उत्तराची एकही जागा कोरी नाही! नव्या वसाहतीतील एकाकीपणाचे हे सर्वेक्षण मयुराने घरी बसूनच रचले असणार, असा तिचे मार्गदर्शक प्राध्यापक दीनानाथ यांना दाट संशय होता.

"तू खालीच थांब. हे एक घर खोटे निघाले, की प्रबंध रद्द!" असे बजावून त्यांनी यादीतल्या पहिल्या दाराची घंटा वाजवली.

"प्रश्न विचारायला कोणी मुलगी आली होती?"

"अच्छा, मयुरा? आली होती ना! बसा, चहा टाकते." बाईंनी दार लावून घेतले. "तिचे प्रश्न फार लवकर संपले हो. तुम्ही किती आणलेत?"

दोन तासांनी दीनानाथ खाली उतरले.

"तुझी माहिती खरी आहे," ते म्हणाले.