अण्णांना विचार

चमचा ओठांपाशी आला की रत्नाकर तोंड घट्ट मिटून घ्यायचा. उजवी बाजू लुळी पडली होती, पण डाव्या हातात अजून जोर होता. त्या हाताने त्याने वाटी ढकलली. दह्यात कालवलेली रक्तदाबाची गोळी पांघरुणावर सांडली.

"अण्णांना... विचार," तो अडखळत म्हणाला. इस्पितळातून घरी आल्यापासून चार दिवस त्याची बायको सुलभा हेच ऐकत होती.

अण्णा म्हणजे भीमसेनराव. बनशंकरीच्या बागेत सकाळी योगाचा वर्ग घेणारे. कित्येक पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या घरातले, मराठीत निम्मं कन्नड मिसळून बोलणारे. वय बहात्तर, पाठ ताठ. गोळी म्हणजे कुबडी, असं ते वर्गात सांगायचे. दीड वर्षापूर्वी रत्नाकर त्यांच्याकडे जाऊ लागला. लोणचं-पापड सोडलं, वरचं मीठ सोडलं, रोज तासभर चालला, कोहळ्याचा रस प्यायला. नऊ किलो वजन उतरलं, रक्तदाबही उतरला. डॉक्टर म्हणाले, छान, हे सगळं चालू ठेवा, पण गोळी मी सांगेपर्यंत थांबवू नका. रत्नाकरने ती थांबवली. अण्णांनी त्याला वर्गापुढे उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर सात महिन्यांनी, कारखान्यात एक ड्रॉइंग समजावून सांगता सांगता, तो खुर्चीवरून कोसळला.

दुपारी सुलभा अण्णांच्या घरी गेली. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"तो तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," ती म्हणाली. "पुन्हा झटका आला तर वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. एकदा येऊन सांगा त्याला."

अण्णा लगेच निघाले. त्यांना पाहून रत्नाकरचा अर्धा चेहरा हसला. "गोळी घे," अण्णा म्हणाले. रत्नाकरने नकारार्थी मान हलवली. सुलभाच्या भिडेपोटी ते असं बोलताहेत, असंच त्याला वाटलं असणार. त्याने डाव्या हाताचं बोट उचलून अण्णांच्या छातीवर टेकवलं.

"तु...म्ही?"

तो हात खाली ठेवून अण्णा सुलभाकडे वळले. मग म्हणाले, "अक्का, स्वल्प बाहेर थांबता का?"

सुलभा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आतून फक्त पुटपुटणं ऐकू येत होतं. हाक आली तेव्हा वाटी रिकामी होती. रत्नाकरने गोळी घेतली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

ती अण्णांच्या मागोमाग दारापर्यंत गेली. "काय सांगितलंत त्याला?"

अण्णा चपला घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी अकरा वर्षं ही गोळी घेतोय, अक्का. रोज सकाळी, वर्गाला निघायच्या आधी."