तीट

“आणि ही या इमारतीतली एकमेव चूक,” कमानीच्या कडेला बोट दाखवत गाईड मुलगी म्हणाली. सगळी कमान पिवळ्या दगडाची, त्यात तळहाताएवढा एकच दगड काळा. फोर्टातल्या जुन्या इमारती पायी बघायला निघालेली वीसेक माणसं हसली.

मल्हारी धोत्रे हसले नाहीत. लेकीच्या आग्रहाखातर ते आले होते आणि तासभर साहेबांचीच नावं ऐकत मुकाट मागे चालत होते. आता गर्दीतून वाट काढत पुढे झाले.

“चूक नाही ती, पोरी. तीट आहे. बाळाच्या गालावर लावतात तशी.”

“म्हणजे मुद्दाम?”

“मग काय तर. माझा आजा पाथरवट. ही कमान त्यानं घडवली. एकच दगड राहिला तेव्हा मागे सरून बघितलं, तर इतकी देखणी, की दृष्ट लागेल म्हणून त्यालाच धास्ती वाटली. साहेब पुण्याला गेला होता, तेवढ्यात हा काळा बसवून मोकळा झाला. साहेब ओरडला, तर म्हणाला, पिवळा संपला.”

“पण आजोबा, हे कुठंच लिहिलेलं नाही.”

“लिहिणार कोण? तो अंगठेबहाद्दर. पण शंभर वर्षं झाली, एक तडा दाखव.”

गाईडनं मान वर केली. मग सगळ्यांनीच केली. तडा शोधता शोधता त्यांच्या नजरा नुसत्या कमानीवर खिळून राहिल्या.

एवढ्या नजरा एकदम लागलेल्या बघून धोत्र्यांनी खालूनच कमानीवरून दोन्ही हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.