काढून ठेवलेला पंखा

गॅरेजवाल्याने गाडीच्या एसीचा पंखा नवा बसवला म्हणून सांगितलं होतं, तरी आत वाऱ्याचा पत्ता नव्हता. तात्यांचं डोकं फिरलं. "दूधखुळा समजतो काय मला?" म्हणत त्यांनी भर दुपारी दारासमोरच गाडी उघडली आणि किल्ली फिरवायला बायकोला आत बसवलं.

फ्यूज शाबूत होता. टेस्टरही पेटला. मग त्यांनी डॅशबोर्डखालून पंखाच सोडवला आणि पायरीवर आपटला.

"बघ, तोच जुना, गंजका! आत्ता जाऊन त्याची खरडपट्टी काढतो."

"जाऊ द्या हो," बायको आतून म्हणाली. "झाला की चालू. छान वारा येतोय."

"डोकं ठिकाणावर आहे का? पंखा इथे पडलाय!"

तात्यांनी तणतणत हात डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीसमोर धरला. वारा खरंच येत होता. कोमट, जरासा ओलसर.

"किल्ली काढ आधी!"

तिने किल्ली काढून हातात घेतली. वारा चालूच राहिला.

"कोण चेष्टा करतंय रे?" तात्या जाळीत तोंड खुपसून ओरडले.

वारा थांबला. मग बायकोच्या कपाळावरची बट अलगद उचलली गेली आणि ताठ होऊन जाळीच्या आत ओढली जाऊ लागली.