तीनशे चाळीस रणगाडे

संध्याकाळी पाचला अहवाल छापखान्यात जायचा होता आणि अभ्यासक बाईंचं पेन सहीच्या जागेवर येऊन थांबलं होतं. सीमेपलीकडे शेजाऱ्यांचे तीनशे चाळीस रणगाडे आहेत, असं त्या पानावर लिहिलं होतं.

शस्त्रांच्या बाजाराचा अभ्यास करणारी ती एक छोटी खासगी संस्था होती. तिथे कुणी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, पण जगात कुणी कुणाला काय विकलं ते सगळ्यांना तोंडपाठ. नियम एकच. "आकड्याला आई हवी, बापही हवा," असं संस्थेचे प्रमुख, सर, म्हणत. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे.

या आकड्याला दोन्ही होते. एक परदेशी मासिक आणि एका मंत्र्याचं भाषण. तरी बाईंना राहवेना. दहा वर्षं हाच आकडा छापून येतोय; एकही रणगाडा वाढला नाही, एकही मोडला नाही?

त्या ग्रंथालयात गेल्या.

"नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये, बाई," ग्रंथपाल काका म्हणाले.

"आकड्याचं शोधलं तर चालतं, काका."

"शोधा. सापडलं तर चहा तुमचा. नाही सापडलं तरी तुमचाच."

मासिकाच्या तळटीपेत एका वर्तमानपत्राचं नाव निघालं. वर्तमानपत्राने मंत्र्याच्या त्याच भाषणाचा हवाला दिला होता. भाषणाच्या शेवटी एका दहा वर्षं जुन्या अहवालाचा उल्लेख होता. काकांनी तो खालच्या फळीवरून ओढून काढला, धूळ झटकली आणि मुखपृष्ठ बाईंकडे वळवलं. अहवाल याच संस्थेचा होता. पान बासष्ट. 'गोदामांच्या छपरांवरून केलेला अंदाज.' खाली बाईंचंच नाव.

बाईंना सगळं आठवलं. नोकरीचं पहिलं वर्ष. उपग्रहाच्या फोटोत सतरा छपरं दिसली. एकेका छपराखाली वीस रणगाडे मावतील, असा हिशेब त्यांनी मांडला. आत काय आहे, ते कुणीच पाहिलं नव्हतं. पुढे हातोहात जाताना 'अंदाज' हा शब्द वाटेत गळून पडला आणि आकडा तेवढा राहिला.

"कुणाला बोलू नका," काका कुजबुजले. "नोकरी जाईल."

बाईंनी अहवाल उचलला आणि जिना चढून थेट सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, या आकड्याला आई ना बाप. माझ्या डोक्यातून निघाला आणि फिरून माझ्याकडेच आला. आपण तो मागे घेऊ. हवा तर माझा राजीनामा घ्या."

सरांनी अहवाल वाचला. मग त्यांनी एक फोटो आणि भिंग पुढे सरकवलं. फोटो याच आठवड्यातला होता. सरावासाठी त्याच गोदामांची दारं उघडली होती आणि मैदानात रणगाड्यांच्या रांगा लागल्या होत्या.

"मोजा."

बाईंनी मोजले. पुन्हा मोजले.

"बरोबर तीनशे चाळीस!" त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझा अंदाज खरा होता, सर?"

"नाही. शेजाऱ्यांच्या खरेदीचे कागद आज हाती आले. सगळी खरेदी तुमच्या अहवालानंतरची. तुम्ही छपरं मोजलीत तेव्हा गोदामं रिकामी होती," सर म्हणाले. "तुमचा आकडा वाचून आपल्या सरकारने तीनशे चाळीस रणगाडे घेतले. ते बघून मग त्यांनीही तेवढेच घेतले."