ओळख पटवण्याचे प्रश्न

पाहुणे फारच गोड बोलत होते, तिथेच बाई सावध झाल्या. सरकारी माणूस आत येताना पायपुसण्याला बूट पुसतो, चहाला "नको, उगाच त्रास" म्हणतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे समजावं.

त्यांना जुन्या बचत बँकेचं दप्तर बघायचं होतं. बँक केव्हाच बुडाली, तिच्या जाडजूड वह्या तेवढ्या या दप्तरखान्यात उरल्या होत्या आणि बाई दप्तरखान्याच्या प्रमुख होत्या. बँक गरिबांची. हमाल, मोलकरणी, धोबिणी. सही बहुतेकांना येत नसे. भलत्याच कुणी येऊन त्यांची पुंजी उचलू नये म्हणून कारकून खातं उघडतानाच विचारून ठेवायचा: जन्म कुठला, आईचं माहेर कोणतं, भावंडं किती, अंगावर खूण काय. पैसे काढायला आलं की तेच प्रश्न पुन्हा. उत्तरं जुळली तरच पैसे हातात पडायचे.

पाहुण्यांनी अलगद पान उलटलं. "काय काम केलंय हो त्या कारकुनांनी! सरहद्दीपलीकडून आलेला एकेक माणूस इथे सापडतोय."

"दीडशे वर्षांपूर्वीची माणसं ती," बाई म्हणाल्या. "कधीच मातीत गेली."

"तेच तर. मेलेल्यांशी आमचं काय काम?" पाहुणे हसले. "पेपरात वाचलं, तुम्ही उपक्रम चालवता म्हणे. 'आपली पणजी शोधा.' लोक येतात, वहीत पणजी शोधतात आणि फॉर्मवर सगळ्या कुटुंबाची नावं-पत्ते लिहून देतात. ते फॉर्म हवे होते."

मागच्याच महिन्यात शेजारच्या शहरात पलीकडून आलेल्यांच्या नातवा-पणतवंडांची घरं सील झाली होती. माणसांना ट्रकमध्ये घालून कुठे नेलं, ते कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. आणि इथे बाईंनी हौसेने, चांगली जाहिरात करून, लोकांना बोलावलं होतं. लोकही नटूनथटून आले. पणजीचं नाव बघून रडले, फोटो काढून घेऊन गेले. नमुन्याचा पहिला फॉर्म तर बाईंनीच भरलेला: सासूबाईंची पणजी, मग सासूबाई, नवरा, लेक. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हा, तोही सुवाच्य अक्षरात.

फॉर्म त्यांच्या गुडघ्याजवळच्या खणात होते. किल्ली मुठीत होती.

"ते फॉर्म गेले," बाई म्हणाल्या. "वरचा पाइप फुटला. सगळा लगदा झाला."

"अरेरे. सगळेच?"

"सगळेच."

पाहुण्यांनी मान हलवली. खणाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्यानेच बाई जास्त घाबरल्या.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी, तोंडभर हसू.

"बाई, तुमच्या वहीत माझी पणजी आहे म्हणे! शेजारणीची सापडली तेव्हापासून बायको डोकं खातेय. आज फॉर्म भरून टाकू."

"आज बंद आहे, आजोबा. पुन्हा कधीतरी या."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, कधीही या? दोन बस बदलून आलोय."

"आजोबा, ऐका माझं. घरी जा." बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज चिरका झाला होता.

"बाई," पाहुणे हळूच म्हणाले, "तुम्ही स्वतः भरला होतात का हो फॉर्म? सहज विचारलं."

बाईंच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. त्या खाली बसल्या. स्वतःची भयंकर लाज वाटली, पण किल्लीची मूठ त्यांनी टेबलाखाली नेली.

पाहुण्यांनी म्हाताऱ्यासाठी खुर्ची ओढली, ती रुमालाने पुसलीसुद्धा. मग खिशातून स्वतःची वही काढली. "बसा आजोबा. बाईंना बरं वाटत नाहीये. मी लिहून घेतो."

"देव तुमचं भलं करो," म्हातारे टेकत म्हणाले. मग पणजीचं नाव सांगितलं, तिचं गाव सांगितलं, ते पलीकडचं आहे हेही मोठ्या अभिमानाने सांगितलं. दोन मुलगे, सुना, नातवंडं. प्रत्येकाचा पत्ता, घर सापडावं म्हणून जवळची खूणही. पाहुणे मध्येच थांबवून नाव नीट विचारून घेत होते.

"आणि धाकटी लेक. ती लग्न होऊन परगावी गेलीय," म्हातारे पुढे वाकले. "पण तिलाही घ्या बरं का. आपल्याला वगळलं असं वाटायला नको पोरीला."

"छे, छे," पाहुणे पान उलटत म्हणाले. "कुणालाच नाही वगळणार."