फोटोपुरता गाठा

"आजी, तो गळ्यातला गाठा काढा ना, हिला घालायचाय," सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम माइकवरूनच म्हणाल्या.

छबूबाईचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. समोर सात वर्षांची राजनंदिनी परकर सावरत उभी होती. तिच्या आईनं, जयमालानं, आधीच तिच्या कपाळभर भंडारा फासला होता. बाजूला मुलांची रांग, मागे भिंत, खाली मोबाईल उगारून बसलेले आईबाप. मंचावरून उतरायला वाट नव्हती.

केडगावच्या मंगल कार्यालयात मुलांसाठी लोककलांचा महोत्सव भरला होता. सगळ्यांना मोफत. कलावंतांजवळचं जे असेल ते मुलांनी अंगावर घालून, वाजवून बघायचं. वासुदेवाची मोरपिसांची टोपी सकाळपासून या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होती. अजिनाथ वाघ्याची दिमडी पोरांनी बडवून बडवून ढिली केली होती. खंडोबाची मुरळी म्हणून छबूबाईनंही आपली घंटी हौसेनं पोरींच्या हातात दिली होती. पण कवड्यांचा गाठा?

"घंटी वाजव बाळा. गाठा नगं," ती म्हणाली.

"मला पण मुरळी व्हायचंय!" राजनंदिनीनं ओठ काढला.

"घाला की आजी, फोटोपुरता," खालून जयमाला हसत म्हणाली. "न्हाईतर घेऊनच जावा हिला. घरात लई दंगा करती!"

सगळं कार्यालय हसलं. जयमालानं मंचाशी येऊन लेकीची हनुवटी वर धरली, फोटो नीट यावा म्हणून.

छबूबाईची हनुवटीही तिच्या आईनं अशीच धरली होती. भाऊ तापातून उठला, नवस फेडायचा होता. नवं परकर-पोलकं, पुरणपोळी, बैलगाडीतून देवाच्या माळापर्यंतची वाट. कपाळाला भंडारा लागला, गळ्यात कवड्या पडल्या, देवाशी लगीन लागलं. ती आरशात बघून खुदकन हसलीसुद्धा होती. संध्याकाळी तिनं गाठा काढायला हात घातला, तेव्हा आई म्हणाली, "आता त्यो काढायचा नसतो." पुढं बरोबरीच्या पोरी नांदायला गेल्या, लेकुरवाळ्या झाल्या. छबूबाई जागरणातून जागरणात नाचत राहिली. दर चंपाषष्ठीला कवड्यांचा दोरा तीच नवा, चांगला पक्का ओवायची.

"आजी, रांग खोळंबलीय," मॅडम म्हणाल्या.

"घाल की छबे," अजिनाथ पुटपुटला. "पोरगी काय खरीखुरी मुरळी हुनार हाय का?"

"मी बी तेच समजले हुते," छबूबाई म्हणाली.

तिनं गाठा दोन्ही मुठींत धरला आणि हिसका दिला. दोरा तुटेना. मानेला काचला. तिनं पुन्हा हिसका दिला.

"खुळी झालीस का? देवाचा गाठा हाय त्यो!" अजिनाथ ओरडला.

तिसऱ्या हिसक्याला दोरा तुटला. कवड्या मंचावर टपटपल्या, पोरांच्या पायांत गडगडल्या. छबूबाई उघड्या गळ्यानं उभी राहिली. आता काहीतरी होईल, देव कोपेल, असं वाटून तिनं डोळे मिटले.

तिच्या कानांवर आली ती पोरांची झोंबाझोंबी.

डोळे उघडून बघते तो पोरं कवड्या वेचत होती. राजनंदिनीनं मांडी ठोकून रिंगण धरलं. मूठभर कवड्या हवेत उडवल्या. "उताण्या पडतील तेवढे पॉइंट!" तिनं तिथल्या तिथं नियम केला. रडू कुठल्या कुठे पळालं होतं.

"आजी, बसा ना. आता तुमचा नंबर."

छबूबाई गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. जन्मभर गळ्यात वागवलेल्या कवड्या तिनं ओंजळीत घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"कसं खेळत्यात गं ह्यांनी?" तिनं विचारलं.