शेजारची जागा

घटस्फोटात व्हर्नाने घर घेतलं, मर्लने गाडी आणि कुत्रा नेला. इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीच्या प्रेक्षागारातल्या दोन राखीव जागा मात्र कुणीच सोडेना. तिथल्या जागा पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतात. एकदा सोडली की हातची गेली. शेवटी एकेक वाटून घेतली, आणि दर मे महिन्यात दोघं पुन्हा मांडीला मांडी लावून बसू लागली.

हा कंटाळून जागा कधी सोडतोय, एवढाच व्हर्नाला ध्यास. त्यासाठी ती त्याला टोमण्यांनी सोलून काढी. शर्यतीआधी सगळे उभे राहून आपल्या इंडियाना राज्यावरचं गाणं म्हणत, तेव्हा मर्ल टोपी छातीशी धरून मुसमुसायचा.

"झाला नळ सुरू!" ती म्हणायची. "लग्न मोडलं तेव्हा टिपूस नाही गाळलंस मेल्या."

यंदा मर्लच्या जागेवर त्याची दुसरी बायको येऊन बसली.

"मार्चमध्ये गेला तो," ती म्हणाली. "मला बाई यातलं काही कळत नाही. ही जागा तुम्हीच घेऊन टाका."

इतक्या वर्षांनी घास आयता तोंडाशी आला होता. तेवढ्यात गाणं सुरू झालं. सगळे उठले. बाई आपली बसल्या बसल्या तळलेली कोंबडी चघळत होती.

"ऊठ गं बये!" व्हर्ना खेकसली. "रडू आलं नाही तर नको रडूस, पण या जागेवर उभं राहायचं असतं. आणि पुढच्या वर्षी येताना त्याची टोपी आण, छातीशी धरायला."